बँका मोजणारे आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका बँकांवर जीव असलेला माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही. आणि अशा माणसाला मी माझ्याच बँकेच्या पायरीवर, परक्या माणसादेखत, ‘मी यांना ओळखत नाही’ असं म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे. तुम्ही हसाल, मलाही लिहिताना हसू येईल, आणि हसता हसता मी स्वतःला साळसूद ठरवून मोकळा होईन अशी मला माझीच भीती वाटते. तो माझा जुना स्वभाव आहे. तेव्हा चूक माझी होती, एवढं पहिल्याच परिच्छेदात नोंदवून ठेवतो.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे, अश्विनीचे सासरे. सांगलीला कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाले. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं, मनगटावर घड्याळ आणि त्या घड्याळावर भरवसा नाही म्हणून खिशात आणखी एक. बँक आपलं काम किती चांगलं करते हे मोजायचं कसं, या एका प्रश्नावर त्यांनी उभी हयात घालवली. लोक बँकेत पैसे ठेवायला जातात, काढायला जातात. हे नुसते बघायला जातात, जसं कुणी हौशीनं कुस्तीच्या फडाला जावं. कराडला कुणाच्या लग्नाला आले की अक्षता पडल्या पडल्या गायब, आणि पंगत उठायच्या आत मलकापुरातल्या दोन शाखा बघून घामाघूम होऊन हजर. “पाव्हणं, काय शाखा आहे! तीनच माणसं, पण एकाचा हात दुसऱ्याला आडवा येत नाही. डोळ्यांत पाणी आलं हो!” असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. नवरीच्या पाठवणीला मात्र मी त्यांना कधी गहिवरलेलं पाहिलं नाही.

त्यांचं शास्त्र मला त्यांनी उसावरून समजावलं. ते म्हणाले, “समजा, दोघांचं रान शेजारी शेजारी आहे. पाणी तेच, खत तेच, माणसं तेवढीच. एकाचा ऊस डोक्याच्या वर आणि दुसऱ्याचा कमरेला. मग दुसऱ्यानं काय करायचं? नशिबाला बोल लावायचा नाही. बांधावर उभं राहून पहिल्याच्या रानात बघायचं, आणि आपल्या रानात पाणी मुरतंय कुठं ते शोधायचं. बँकेचंही तसंच. आत किती घातलं आणि बाहेर किती आलं, एवढंच बघायचं. आणि तुलना करायची ती सगळ्यांत चांगल्याशी. वाईटाशी तुलना केली की कुणीही हुशार दिसतो.” हे बोलताना ते इतके रंगले की माझ्या ताटातली भाकरी उचलून त्यांनी पहिलं रान केलं, स्वतःची भाकरी दुसरं, आणि मधे बांध म्हणून ठेचा पसरला.

अश्विनीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. मुलाकडची माणसं घरात आलेली म्हणून मी आणि आमची मंडळी नुसते ताठ बसलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील आता काय विचारतात, मानपान काढतात की काय, म्हणून मी त्यांच्या कपाकडे बघत होतो. त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या शाखेत माणशी व्यवसाय किती पडतो?” मी सहकारी बँकेत केस पांढरे केले, पण हा प्रश्न मला घरी येऊन कुणी विचारला नव्हता. मला भरून आलं. मी जे बोलायला लागलो ते थांबेचना. ठेवी, कर्जं, वसुली, जनरेटरचं डिझेल. तेही खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. शेवटी मंडळी म्हणाली, “अहो, मुलीचं लग्न ठरवताय की ऑडिट करताय?” त्यावर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “चालू द्या. आमच्याकडं ह्यालाच बोलणी म्हणतात.” लग्न तिथेच ठरलं.

लग्नाच्या पंगतीत तर कहरच. वराचा बाप म्हणून त्यांना पाटावर, समईजवळ बसवलं होतं. जरा नजर चुकली आणि गडी शेवटच्या रांगेत, शेवटच्या पानावर जाऊन बसलेला! मी धावत गेलो, हात जोडले, “काही चुकलं का आमचं?” ते म्हणाले, “छे! वाढप्यांची फौज आहे तुमची, पण वरण पोचलं तरी भात अजून निम्म्या वाटेतच. पुढं बसणाऱ्याला हे कळतच नाही. मोजायचं झालं तर शेवटच्या पानावरून मोजावं. बँकेतसुद्धा मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून काय दिसणार?” भात येईपर्यंत त्यांचं वरण निवलं, पण चेहऱ्यावर असा आनंद की माझ्या मेव्हण्याला वाटलं व्याही रुसलेत आणि उपहासानं हसताहेत. तो बिचारा स्वतः परात घेऊन धावला.

सांगलीतल्या बँकांत त्यांचा दरारा होता. ते खातं उघडायचे, बघायचे किती टेबलं फिरावं लागतं, आणि खातं बंद करून दुसऱ्या बँकेत जायचे. एका शाखेत तर त्यांना वेष पालटून आलेले तपासणी अधिकारीच समजले. खुर्ची दिली, पंखा वळवला, एक कारकून पळत जाऊन भडंग आणि चहा घेऊन आला. व्याही चवीनं खाऊन उठले आणि मॅनेजरला म्हणाले, “भडंग उत्तम. पण तो पोरगा चहा आणायला गेला तेवढ्या वेळात त्याच्या खिडकीसमोर एक म्हातारी उभी होती. तुमचे गुण कापावे लागतील.” घरीही तेच. विहीणबाईंनी एकदा वैतागून सांगितलं होतं, “माझ्या पोळ्या मोजा, लाटायचा वेळ मोजा, पण एक दिवस तुम्ही लाटा आणि मी मोजते.” त्यांनी खरंच लाटल्या. त्यानंतर स्वयंपाकघराचं मोजमाप बंद झालं.

दर रविवारी सकाळी त्यांचा मला फोन यायचा. आठवडाभर पाहिलेल्या बँकांचा वृत्तान्त! आवाज असा, जणू आत्ता मैदानातून उठून आलेत. अशाच एका रविवारी ते जवळजवळ ओरडले, “पाव्हणं, सापडलं! चपला!” खेड्यातल्या शाखांत लोक चपला बाहेर काढून आत जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. दाराबाहेरची एक चप्पल जितका वेळ जागची हलत नाही तितका वेळ एक माणूस आत अडकलेला. “आत जायला नको, कुणाला विचारायला नको. समोरच्या झाडाखाली बसायचं आणि चपला बघायच्या. माणूस खोटं सांगेल, साहेब खोटं सांगेल, चप्पल खोटं सांगत नाही!” मी म्हणालो, “सर, भन्नाट!” आणि मला ते मनापासून वाटत होतं. आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत असं काही ऐकायला मिळालं असतं तर मी एकदाही डुलकी काढली नसती.

आता माझ्या शाखेकडे येतो. मी तेव्हा पाटणच्या पुढे, कोयनानगरच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाखेत मॅनेजर होतो. आजही तिथेच आहे. आमचे निम्मे खातेदार फौजेतले पेन्शनर, नाहीतर त्यांच्या मागे राहिलेल्या बायका. डोंगरातल्या वाड्यांवरून पहिल्या एसटीनं येतात, तेव्हा बँक उघडायला बराच अवकाश असतो. मग काय करतात, तर शटरसमोर आपापल्या चपला ओळीनं लावतात, आणि अनवाणी जाऊन कुणी चहा घेतो, कुणी गिरणीत दळण टाकतो, कुणी दाढी करून येतो. चप्पल उभी म्हणजे नंबर उभा. शाखा उघडली की आमचा शिपाई सर्जेराव दारातून हाळी देतो, “निळ्या पट्ट्याची कुनाची हाय? या फुडं! आवं आबा, तुमचा बूट मागं सरकलाय, कुनी ढकलला रं?” यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

त्या सुमारास मुख्य कार्यालयानं सगळ्या शाखांची कार्यक्षमता मोजायचं काढलं. ज्या शाखा मागे पडतील त्या शेजारच्या मोठ्या शाखेत विलीन करायच्या. सांगलीहून एक साहेब प्रत्येक ठिकाणी जाऊन बघणार होते, आणि ग्राहकाला ताटकळावं लागतं का, याला त्यांच्या तक्त्यात भरपूर गुण होते. आमच्याकडे यायला त्यांना नेमका पेन्शनचा दिवस मिळाला. सकाळी मी शाखेत पोचलो तर शटरपासून पार रस्त्याच्या कडेपर्यंत चपला! साहेब गाडीतून उतरले की पहिलं हेच बघणार. मी सर्जेरावला म्हणालो, “पोती आण. सगळ्या चपला भर आणि जनरेटरच्या खोलीत ठेव. आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांग, साहेब येणार आहेत, सगळ्यांनी दुपारनंतर या.”

सर्जेराव घुटमळला. “साहेब, लोकांचा नंबर हाय त्यो.”

“माहीत आहे मला. भर.”

त्यानं भरल्या. लोकांनीही ऐकलं. साहेबांची गाडी आली तेव्हा शाखेचं अंगण लग्न लागून मांडव उतरवल्यासारखं मोकळं. मी फुलून गेलो होतो! काउंटरवर एक गिऱ्हाईक, त्याचं काम क्षणात झालं, तो गेला. साहेब तक्त्यात टिकमार्क करत होते, मी त्यांच्या खांद्यावरून तो तक्ता बघत होतो आणि मनातल्या मनात रविवारचा फोन जुळवत होतो. सरांना केव्हा एकदा सांगतो असं झालं होतं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. “रांग कुठं गेली? अहो, कुणी हलवली इथली रांग?” आवाज ओळखीचा होता. मी दारात गेलो. पायरीवर आमचे व्याही, अनवाणी, केस विसकटलेले, दोन्ही घड्याळं दोन हातांत. मला न कळवता पहिल्या गाडीनं आले होते. माझी शाखा मोजायची आणि मला चकित करायचं, असा त्यांचा बेत. नंबराचा अनुभव घ्यावा म्हणून स्वतःच्या कोल्हापुरी वहाणाही त्यांनी रांगेत लावल्या होत्या. मीच लग्नात मान म्हणून दिलेल्या त्या वहाणा मी न बघता पोत्यात भरायला लावल्या होत्या. एसटीतून उतरणारी माणसं बघायला ते थांब्यापर्यंत गेले आणि परत येऊन बघतात तर सगळी रांगच नाहीशी! शेताला पाणी द्यायला जावं आणि शेतच जागेवर नसावं, तसे ते भांबावले होते. मला बघताच चेहरा उजळला. “बरं झालं भेटलात! अहो इथं—”

माझ्या मागे साहेब उभे होते. “कोण हे? कसली रांग?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “माहीत नाही, साहेब. मी ओळखत नाही यांना. असतात गावात असे एकदोन.”

व्याह्यांचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या तक्त्याकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते अगदी हळू आवाजात साहेबांना म्हणाले, “बरोबर आहे. आमची ओळख नाही. मी चुकून इकडं आलो.” माझं खोटं त्यांनी असं सावरून धरलं आणि ते पायऱ्या उतरले. ऊन मी म्हणत होतं. डांबरी रस्त्यावरून टाचा उचलत उचलत ते थांब्याकडे चालले होते, आणि मी साहेबांना शीतपेय गार आहे ना, असं विचारत होतो. साहेब गेल्यावर मी पोती उपसली, वहाणा घेऊन पळत सुटलो. गाडी कधीच गेली होती.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. अश्विनीला फिरवून फिरवून विचारलं तर ती म्हणाली, “आप्पा ना? गाडीत वहाणा विसरून आले म्हणे. हसतोय आम्ही सगळे त्यांना. पण पप्पा, हल्ली ते कुठली बँक बघायला जात नाहीत. पेपर वाचत बसतात नुसते.” म्हणजे घरात त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. ते चिडले असते, सोयरीकीत बोभाटा केला असता, तर मी कुठल्यातरी थोरल्या माणसाला मधे घालून मिटवलं असतं. या गप्प बसण्याचं काय करायचं ते मला कळेना. रविवारी सकाळी मी उगीच फोनजवळ घुटमळायचो. मंडळी म्हणायची, “जा की सांगलीला. फोन काय चालत यायचाय का?”

आणि मग निकाल लागला. शाखेत ताटकळणं नाही, याचे मला पैकीच्या पैकी गुण. पण साहेबांनी पुढे शेरा मारला होता की ताटकळायला मुळात ग्राहकच नाही. पेन्शनच्या दिवशीसुद्धा शाखा रिकामी, कर्मचारी मात्र पुरे. सबब पाटणच्या शाखेत विलीन करावी! गावात बातमी फुटली तशी हौसाआक्का काउंटरवर आली. तिचा नवरा फौजेत होता, त्याच्या पेन्शनीवर ती आणि तिची आंधळी जाऊ राहतात. ती म्हणाली, “आवं साहेब, तुमीच म्हनलासा दुपारनं या. आलाव आमी दुपारनं. आन् आता आमी न्हवतावच म्हनं!” मी मान खाली घातली. “पाटनला जायाचं तर दोन गाड्या बदलाव्या लागत्यात. जावंला कुनाच्या भरवशावर ठेवू?”

मी सांगलीला गेलो. दार व्याह्यांनीच उघडलं. “या साहेब,” म्हणाले. आजवर मला ‘पाव्हणं’ सोडून त्यांनी कधी हाक मारली नव्हती. पाणी दिलं, चहा आला, खाली ठेवताना बशीसुद्धा वाजली नाही. चहा किती वेळात झाला, एका शब्दानं बोलले नाहीत. मी सुरुवात केली, पण मूळ गोष्टीवर यायचा धीर होईना, म्हणून शाखेचं आधी सांगत सुटलो. पोती, जनरेटरची खोली, चहाची टपरी, दुपारनंतर या, पैकीच्या पैकी गुण आणि शेवटी तो शेरा. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. ‘ग्राहकच नाही’ इथवर आलो आणि त्यांच्या गालाचा स्नायू हलला. हसू दाबायची खटपट चालली होती.

“थांबा थांबा. त्या चपलांची माणसं चहा पीत होती?”

“हो. काही दाढी करत होती.”

“म्हणजे ती ताटकळत नव्हतीच!” ते ताडकन उठले. “अहो, मी ती रांग बघून मनाशी लिहून टाकलं होतं, की सातारा-सांगलीत इतकी भिकार शाखा दुसरी नाही! आणि त्या साहेबानं रिकामं अंगण बघून लिहिलं, की माणसंच नाहीत. दोघंही साफ चुकलो! माझी चप्पल खोटं बोलली, पाव्हणं!” पाव्हणं म्हटल्याचं त्यांच्याही ध्यानात आलं. पण उत्साह आवरेना. खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाले, “हे त्या साहेबाला कळलं पाहिजे. आत्ता जायचं. अहो, ऐकलंत का, माझा सदरा कुठाय?” विहीणबाई आतून म्हणाल्या, “दोरीवर. आणि जरा हळू, महिनाभर बसून पाय आखडलेत तुमचे.”

शाखेचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. साहेब पुढच्या पेन्शनच्या दिवशी न कळवता आले, स्वतःचे बूट रांगेत लावून टपरीवर चहा प्यायले, आणि विलीनीकरण पुढे ढकललं गेलं. कायमचं टळलं असं कुणी म्हणत नाही. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. हौसाआक्का अजून आमच्याच काउंटरवर येते.

पण त्या दुपारी मुख्य कार्यालयात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. व्याह्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती. ऊस, बांध, पंगत, चपला, सगळं एका दमात. साहेब आधी वैतागले, मग ऐकू लागले, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते व्याह्यांकडे निरखून बघत म्हणाले, “तुम्हाला मी पाहिलंय. त्या दिवशी पायरीवर अनवाणी उभे होता ते तुम्हीच ना?” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही तर म्हणालात ओळखत नाही.”

व्याही चटकन म्हणाले, “नाही नाही, तो दुसरा कुणी असेल. असतात गावात असे—”

“सर, राहू द्या,” मी म्हणालो. मी उठून उभा राहिलो. “साहेब, ते हेच. हे माझे व्याही आहेत, माझ्या मुलीचे सासरे. मी यांना चांगला ओळखतो. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो.” साहेब काही म्हणाले असतील, मला ऐकू आलं नाही. मी व्याह्यांकडे वळलो. ते हातातल्या घड्याळाला किल्ली देत होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, “सर, चार लोकांत मला तुमची लाज वाटली. माफ करा मला.”